ओटीतल्या 'सिस्टर' कॉलेजातल्या 'मॅडम' कशा होतात? नर्सिंगमधली ही वाट समजून घ्या

ऑपरेशन संपत आलंय. सर्जननी पोट शिवायला घेतलंय. तेवढ्यात ट्रॉलीमागे उभ्या असलेल्या सिस्टर म्हणतात, "सर, थांबा. एक मॉप कमी आहे."

सगळे थांबतात. ट्रॉलीवरचे मॉप पुन्हा मोजले जातात. बादलीतले मोजले जातात. टेबलाखाली, चादरींच्या घड्यांमध्ये शोध सुरू होतो. शेवटी रक्ताने भिजलेला एक मॉप दुसऱ्या मॉपला चिकटलेला सापडतो. मोजणी जुळते आणि मगच पोट शिवलं जातं.

बाहेर बसलेल्या नातेवाईकांना यातलं काहीच कळत नाही. डॉक्टर बाहेर येऊन "ऑपरेशन व्यवस्थित झालं" एवढंच सांगतात. पण ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत काम केलेल्या कुठल्याही नर्सला हा प्रसंग ओळखीचा वाटेल.

आता प्रश्न असा आहे की भरल्या ओटीत सर्जनना "थांबा" म्हणायची हिंमत आणि मॉप मोजायची ती सवय येते कुठून? नुसतं पुस्तक वाचून ती येत नाही, कुणीतरी ती लावलेली असते. आणि ती सर्वांत चांगली लावू शकते ती अशी व्यक्ती, जी स्वतः कित्येक वर्षं त्या ट्रॉलीमागे उभी राहिली आहे.

म्हणूनच ओटीतून शिकवण्याकडे वळणाऱ्या नर्सची वाट समजून घेण्यासारखी आहे. ही वाट नेमकी कशी आहे, त्यात डिग्र्या कुठल्या लागतात, अडचणी कुठे येतात आणि याचा तुमच्या-आमच्याशी काय संबंध, हेच या लेखात बघूया.

आधी हे सांगा, ओटीत नर्स करते काय?

सिनेमातल्या ओटीत नर्सला एकच काम असतं, डॉक्टरांच्या कपाळावरचा घाम पुसायचा. खऱ्या ओटीत तिच्याकडे बरंच काही असतं.

ओटीत साधारण दोन प्रकारच्या नर्स असतात. पहिली स्क्रब नर्स. ती कोपरापर्यंत हात धुऊन, निर्जंतुक गाऊन आणि ग्लोव्हज घालून सर्जनच्या जोडीला उभी राहते. सगळी अवजारं तिच्या ताब्यात असतात. सर्जननी हात पुढे केला की त्यात नेमकं हवं ते अवजार, हव्या त्या दिशेने पडलं पाहिजे. अनुभवी स्क्रब नर्सला ते मागावंही लागत नाही. रक्तवाहिनी कापली गेली की चिमटा लागणार, मग धागा लागणार, मग कात्री, हे तिला ठाऊक असतं.

दुसरी सर्क्युलेटिंग नर्स. ती निर्जंतुक कपड्यात नसते, त्यामुळे तिला ओटीत फिरता येतं. निर्जंतुक पाकिटं हात न लावता उघडून देणं, रक्ताची पिशवी मागवणं, नोंदी ठेवणं, फळ्यावर मोजणी लिहिणं आणि कुणाचा हात चुकून कुठे लागला तर लगेच टोकणं, ही तिची कामं.

पेशंट यायच्या बऱ्याच आधी हे काम सुरू होतं. अवजारं नीट धुतली गेलीत का, ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक झालीत का, हे बघावं लागतं. ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा प्रेशर कुकरच समजा. त्यात दाबाखालच्या वाफेवर, साधारण १२१ अंश सेल्सियसला, ठरावीक मिनिटं अवजारं ठेवतात. पाकिटावरच्या खास पट्टीचा रंग बदलला नसेल तर ते पाकीट वापरायचं नाही. घाई कितीही असो.

मोजणीचं एवढं काय?

पोटात राहिलेला मॉप म्हणजे पेशंटला पुन्हा ऑपरेशन, जंतुसंसर्ग आणि कधी जिवावरचं संकट. हा प्रकार जगभरात इतका ओळखीचा आहे की त्याला वैद्यकशास्त्रात वेगळं नावच आहे, गॉसिपिबोमा. कापसाच्या लॅटिन नावावरून ते आलंय.

म्हणून ऑपरेशन सुरू होण्याआधी मोजायचं, पोटासारखी पोकळी बंद करण्याआधी मोजायचं आणि शेवटी त्वचा शिवताना पुन्हा मोजायचं. दोघींनी मिळून, मोठ्याने मोजायचं. ऑपरेशनच्या मॉपमध्ये एक्स-रेत दिसणारा धागा असतो, तोही याचसाठी. मोजणी जुळलीच नाही तर एक्स-रे काढून शोधता येतं.

२००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची एक चेकलिस्ट आणली. भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि पेशंट ओटीतून बाहेर जाण्याआधी, अशा तीन टप्प्यांवर थांबून ती मोठ्याने वाचायची. पेशंट हाच ना? ऑपरेशन याच बाजूचं ना? मोजणी जुळली ना? ही चेकलिस्ट वाचण्याचं काम बऱ्याचदा सर्क्युलेटिंग नर्सकडे असतं.

ती तयार करणाऱ्या गटाचं नेतृत्व केलं होतं अमेरिकेतले सर्जन आणि लेखक डॉ. अतुल गावंडे यांनी. त्यांचे वडील मूळचे महाराष्ट्रातल्या उटी गावचे. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांमधल्या आठ रुग्णालयांत ही चेकलिस्ट वापरून पाहिली गेली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. मोठ्या गुंतागुंतीचं प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आलं.

कागद एका पानाचाच होता. पण तो नुसता टिकमार्क करून फाइलला लावायचा की खरोखर थांबून वाचायचा, हे ओटीतल्या माणसांच्या सवयीवर ठरतं. आणि सवयी लागतात त्या शिकण्याच्या वयात.

ग्लोव्हजची गोष्ट आणि पहिल्या 'प्रोफेसर'

आज प्रत्येक सर्जनच्या हातात रबरी ग्लोव्हज असतात. त्यांची सुरुवात एका ओटी नर्समुळे झाली, हे माहितीये का?

अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये १८८९ च्या सुमारास कॅरोलिन हॅम्प्टन या ओटीच्या प्रमुख नर्स होत्या. तेव्हा हात निर्जंतुक करायला पाऱ्याचं एक जहाल रसायन वापरायचे. त्याने कॅरोलिन यांच्या हातांना त्वचारोग झाला. सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीला सांगून त्यांच्यासाठी पातळ रबरी ग्लोव्हज बनवून घेतले. आधी ते नर्सचे हात वाचवायला आले. पुढे लक्षात आलं की पेशंटचा जीव वाचवायलाही ते कामाचे आहेत. १८९० मध्ये कॅरोलिन आणि हॉल्स्टेड यांनी लग्न केलं, हा या गोष्टीतला गोड शेवट.

त्याच हॉस्पिटलच्या नर्सिंग स्कूलच्या पहिल्या तुकडीतून १८९१ मध्ये मेरी अॅडलेड नटिंग बाहेर पडल्या. १९०७ मध्ये त्या न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये प्राध्यापक झाल्या. नर्सिंगच्या जगातल्या पहिल्या प्राध्यापक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. नर्सने नर्सला शिकवायचं आणि तेही विद्यापीठात, ही कल्पना तेव्हा नवी होती.

भारतात ही वाट १९४६ मध्ये उघडली. दिल्लीत आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये त्या वर्षी नर्सिंगचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. दिल्लीचं ते कॉलेज आज राजकुमारी अमृत कौर कॉलेज ऑफ नर्सिंग म्हणून ओळखलं जातं. तिथेच १९५९ मध्ये नर्सिंगचं पदव्युत्तर शिक्षणही सुरू झालं.

ओटी सोडून शिकवायला का जावंसं वाटतं?

पहिलं कारण शरीर. स्क्रब नर्सला तासन्‌तास एका जागी उभं राहावं लागतं. मध्ये पाणी पिणं नाही, बाथरूमला जाणं नाही. कंबर, टाचा, पायाच्या शिरा कुरकुरायला लागतात. रात्रीचा इमर्जन्सी कॉल येतो तो वेगळाच. पंचविशीत हे निभावतं. चाळिशीत घर, मुलं आणि सासू-सासऱ्यांची दुखणी सांभाळून ते जड जातं.

दुसरं कारण म्हणजे पुढे काय, हा प्रश्न. वॉर्डातली किंवा ओटीतली नर्स इन्चार्ज होते, पुढे मेट्रनपर्यंतही जाऊ शकते. पण त्या जागा मोजक्या असतात. शिवाय वर जाल तसं पेशंटपासून लांब आणि रजिस्टरच्या जवळ जाणं होतं.

तिसरं कारण सर्वांत महत्त्वाचं. ओटीतल्या सिनियर नर्स आधीपासूनच शिकवत असतात, फक्त त्यांना कुणी शिक्षक म्हणत नाही. नवीन रुजू झालेल्या मुलीला ट्रॉली कशी लावायची ते त्या दाखवतात. पहिल्यांदा हात धुणाऱ्या इंटर्न डॉक्टरलाही "हात खाली सोडू नका, कोपरापेक्षा वर ठेवा" हे बऱ्याचदा सिस्टरच सांगतात. कधीतरी त्यातल्या एखादीच्या मनात येतं, हेच आपण नीट, पूर्णवेळ करावं.

कागदावरची वाट कशी आहे?

सोप्या भाषेत सांगायचं तर या शिडीला एवढ्या पायऱ्या आहेत:

- जीएनएम: तीन वर्षांचा डिप्लोमा. आज नोकरीत असलेल्या कितीतरी अनुभवी नर्स याच वाटेने आल्यात.
- बीएस्सी नर्सिंग: बारावी सायन्सनंतर चार वर्षांची पदवी.
- पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग: जीएनएम झालेल्यांसाठी दोन वर्षांची पदवी. डिप्लोमावाल्यांना शिक्षक व्हायचं तर हा पूल ओलांडावाच लागतो.
- ऑपरेशन रूम नर्सिंगचा पोस्ट बेसिक डिप्लोमा: नोंदणीकृत नर्ससाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम. ओटीचं काम शास्त्रशुद्ध शिकायचं तर उत्तम. पण हा पदवीची जागा घेत नाही.
- एमएस्सी नर्सिंग: दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी. त्यासाठी पदवीला किमान ५५ टक्के आणि किमान एक वर्ष कामाचा अनुभव लागतो.
- पीएचडी: पुढे प्राध्यापकी आणि संशोधनात रमायचं असेल तर.

एमएस्सीला पाच मुख्य शाखा आहेत. मेडिकल सर्जिकल, बालरोग, प्रसूती आणि स्त्रीरोग, मानसिक आरोग्य आणि सामुदायिक आरोग्य. ओटीतून आलेल्या बहुतेक नर्सचा ओढा साहजिकच मेडिकल सर्जिकलकडे असतो.

कॉलेजात शिरताना पहिलं पद असतं ट्यूटर किंवा क्लिनिकल इन्स्ट्रक्टरचं. एमएस्सी असेल तर प्राधान्य मिळतं. बीएस्सी किंवा पोस्ट बेसिक बीएस्सी आणि वर्षभराचा अनुभव असला तरी ट्यूटर होता येतं. त्यापुढे असिस्टंट प्रोफेसर, असोसिएट प्रोफेसर, प्रोफेसर आणि प्रिन्सिपल व्हायचं तर एमएस्सी हवीच. आणि प्रत्येक पायरीवर शिकवण्याच्या अनुभवाची वर्षं मोजली जातात.

महाराष्ट्रात नर्सची नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे होते. राज्यातली बहुतेक नर्सिंग कॉलेजं १९९८ मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत. देशपातळीवर नियम ठरवण्याचं काम १९४७ च्या कायद्याने इंडियन नर्सिंग कौन्सिलकडे आलं. तो कायदा बदलून राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोग आणण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये नवा कायदा केला. त्यामुळे प्रवेश घेण्याआधी ताजे नियम अधिकृत वेबसाइटवर बघणं केव्हाही चांगलं.

मग मेख कुठे आहे?

समजा दोन नर्स आहेत.

पहिली जीएनएम करून जिल्ह्याच्या ठिकाणी ओटीत लागली. पंधरा वर्षांत तिने सिझेरियनपासून हाडांच्या ऑपरेशनपर्यंत सगळं पाहिलंय. लाइट गेल्यावर काय करायचं, रक्त थांबत नसताना कुठलं अवजार आधी द्यायचं, हे तिच्या हातांना पाठ आहे.

दुसरीने बीएस्सी केलं, नियमाप्रमाणे एक वर्ष वॉर्डात काढलं आणि लगेच एमएस्सी पूर्ण केलं. अभ्यासात हुशार, वाचन चांगलं. पण ओटीत ती फक्त विद्यार्थिनी म्हणूनच उभी राहिलीय.

कॉलेजची नोकरी कुणाला मिळेल? दुसरीला. पहिलीला अर्जसुद्धा करता येणार नाही, कारण तिच्याकडे पदवी नाही. तिला आधी दोन वर्षं पोस्ट बेसिक करावं लागेल. असिस्टंट प्रोफेसर व्हायचं तर आणखी दोन वर्षं एमएस्सी. म्हणजे चाळिशीच्या आसपास चार वर्षं पूर्णवेळ कॉलेज. सरकारी नोकरीत असेल तर अभ्यासासाठी रजा किंवा प्रतिनियुक्ती मिळवावी लागते. खासगीत असेल तर बहुतेक वेळा नोकरीच सोडावी लागते. घराचे हप्ते कोण भरणार?

यात दुसरीचा काहीही दोष नाही. पदवीचा आग्रहही चुकीचा नाही. संशोधन वाचता येणं, औषधशास्त्र पक्कं असणं, प्रश्नपत्रिका काढता येणं, हे शिक्षकाला लागतंच. पण पंधरा वर्षांच्या ओटीच्या अनुभवाचं वजन या तराजूत जवळपास शून्य भरतं, ही खरी मेख आहे.

त्यात पगाराचं गणित. सातव्या वेतन आयोगात केंद्र सरकारच्या रुग्णालयातल्या नर्सिंग ऑफिसरचं सुरुवातीचं मूळ वेतन दरमहा ४४,९०० रुपये आहे, भत्ते वेगळे. अनेक खासगी कॉलेजांमध्ये ट्यूटरला याच्या जवळपासही पगार मिळत नाही. जास्त शिकून कमी कमवायचं, हे घरच्यांना पटवून देणं सोपं नसतं.

हात बसलेला असणं वेगळं, हात बसवणं वेगळं

हे सगळं पार करून ओटीतली सिस्टर वर्गात पोचली की तिला एक धक्का बसतो. कालपर्यंत 'सिस्टर' म्हणणारे आता 'मॅडम' म्हणायला लागतात. पुरुष नर्स असतील तर 'ब्रदर'चे 'सर' होतात. आणि आपल्याला जे उत्तम येतं तेच सांगता येत नाहीये, हे लक्षात येतं.

याचं उत्तर अमेरिकन नर्स-संशोधक पॅट्रिशिया बेनर यांच्या कामात सापडतं. १९८४ च्या त्यांच्या पुस्तकात नर्सच्या कौशल्याच्या पाच पायऱ्या सांगितल्यात. नवशिकी, थोडी सरावलेली, सक्षम, निपुण आणि तज्ज्ञ. मूळ कल्पना ड्रेफस बंधूंची. त्यांनी बुद्धिबळपटू आणि विमानाचे पायलट यांचा अभ्यास करून ती मांडली होती.

बेनर यांचं म्हणणं थोडक्यात असं. नवशिकी नर्स नियमांवर चालते. तज्ज्ञ नर्सला नियम आठवावेच लागत नाहीत, ती परिस्थिती बघून थेट योग्य ते करते. तुमच्या आईला विचारा, आमटीत मीठ किती घालायचं? ती म्हणेल, "अंदाजाने." तिचा अंदाज कधी चुकत नाही. पण त्या अंदाजाने तुम्हाला आमटी करता येत नाही.

तज्ज्ञ सिस्टरचं नेमकं हेच होतं. "मॅडम, तुम्हाला कसं कळलं की आता सरांना चिमटा लागणार?" या प्रश्नाला "कळतं गं" हे उत्तर ओटीत चालतं, वर्गात चालत नाही. तिला स्वतःच्याच हाताकडे नव्याने बघावं लागतं. म्हणजे ओटीतली तज्ज्ञ वर्गात पुन्हा पहिल्या पायरीवर येते. ज्यांना हे मान्य करता येतं, त्या चांगल्या शिक्षिका होतात. ज्यांना येत नाही, त्या "आमच्या वेळी असं नव्हतं" एवढंच सांगत राहतात.

मग शिकवायचं कसं?

वैद्यकीय शिक्षणात पेटन यांची चार पायऱ्यांची पद्धत बरीच वापरली जाते. ग्लोव्हज घालण्याचं उदाहरण घेऊन बघूया. ओटीत हाताचा उघडा भाग ग्लोव्हजच्या बाहेरच्या बाजूला लागता कामा नये. म्हणून हात गाऊनच्या बाहीतच ठेवून, बाहीच्या कापडातूनच ग्लोव्ह धरून चढवायचा असतो. वाचायला सोपं, पहिल्यांदा करताना फजिती ठरलेली.

पहिली पायरी, मॅडम नेहमीच्या वेगाने, काही न बोलता करून दाखवतात. दुसरी, सावकाश, प्रत्येक हालचाल सांगत करतात. "बोटं बाहीबाहेर काढायची नाहीत. अंगठ्यावर अंगठा ठेवा." तिसरी, विद्यार्थिनी सांगते आणि मॅडम तिने सांगितल्याप्रमाणे करतात. चौथी, विद्यार्थिनी स्वतः सांगत करते.

यातली तिसरी पायरी मजेशीर आहे. विद्यार्थिनी एखादी हालचाल सांगायला विसरली की मॅडमचा हात तिथेच थांबतो. काय राहिलं ते सगळ्या वर्गाला दिसतं.

पण ओटीतल्या काही गोष्टी हालचालींमध्ये मोडत नाहीत. त्या अनुभवी शिक्षिकाच सांगू शकते. उदाहरणार्थ, पहिल्यांदा ओटीत आलेल्या मुलींपैकी एखादीला हमखास चक्कर येते. रक्त, वास, मास्कमधला कोंडलेला श्वास आणि रिकामं पोट. ओटी केलेल्या मॅडम आदल्या दिवशीच सांगतात, "सकाळी नाश्ता करून या. गुडघे ताठ करून उभं राहू नका, पाय हलवत राहा. गरगरलं तर लाजायचं नाही, ट्रॉलीपासून लांब जाऊन खाली बसायचं. ट्रॉलीवर मात्र पडायचं नाही."

आणि सगळ्यांत अवघड धडा आहे तो "थांबा" म्हणण्याचा. आपल्याकडे वीस वर्षांच्या मुलीने नावाजलेल्या सर्जनना अडवायचं म्हणजे उर्मटपणा समजला जातो. मोजणी चुकलीय हे कळूनही ती गप्प बसू शकते. म्हणून हे वर्गात नाटक करून घेता येतं. एकीने चिडलेला सर्जन व्हायचं, दुसरीने नर्स. "सर, एक मॉप कमी आहे, आपण पुन्हा मोजूया." हे वाक्य न घाबरता, न चिडता, मोठ्याने म्हणायचं. दहा वेळा म्हणून घेतलं की अकराव्या वेळी, खऱ्या ओटीत, ते तोंडातून बाहेर पडायची शक्यता वाढते.

स्वतः कधीतरी ओरडा खाऊनही "थांबा" म्हटलेल्या शिक्षिकेने हे सांगितलं तर मुलींना ते खरं वाटतं.

पण कॉलेजात गेल्यावर हात गंजत नाही का?

गंजू शकतो. ओटी दर काही वर्षांनी बदलते. दुर्बिणीची ऑपरेशनं आली, नवे स्टेपलर आले, काही ठिकाणी रोबो आले. शिक्षिका मात्र लेसन प्लॅन, हजेरी, परीक्षा आणि तपासणीसाठीच्या फाइल्स यांत अडकून राहिली तर दहा वर्षांत तिची ओटी जुनी होते. मग मुली वर्गात एक शिकतात आणि ओटीत दुसरंच बघतात.

यावर एक जुना उपाय वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये आहे. तिथे नर्सिंगचं शिक्षण आणि रुग्णसेवा एकमेकांना जोडलेली आहेत. शिकवणाऱ्यांकडे वॉर्डातली जबाबदारीही असते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मात्र कॉलेजचा स्टाफ वेगळा आणि हॉस्पिटलचा स्टाफ वेगळा, अशी भिंत उभी असते. विद्यार्थिनींची बॅच घेऊन आलेल्या मॅडम ओटीत पाहुण्या असतात आणि ओटीतल्या सिस्टरना त्या मुली म्हणजे कामातला अडथळा वाटू शकतात.

ही भिंत थोडी खाली आणायला मोठा खर्च येत नाही. शिक्षकांना दर वर्षी काही आठवडे ओटीत काम करू देणं, अनुभवी ओटी नर्सना कॉलेजात पाहुण्या शिक्षिका म्हणून मान आणि मानधन देणं, नोकरी न सोडता पदवी पूर्ण करता येईल अशा रजा देणं, एवढ्याने सुरुवात होऊ शकते.

याचा आपल्याशी काय संबंध?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालानुसार जगात सुमारे २ कोटी ७९ लाख नर्स होत्या आणि तरीही सुमारे ५९ लाख नर्स कमी पडत होत्या.

भारताने यावर पाऊल उचललं. २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात १५७ नवी सरकारी नर्सिंग कॉलेजं जाहीर झाली. २०१४ नंतर उभ्या राहिलेल्या मेडिकल कॉलेजांच्या जोडीने ती सुरू करायची. त्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने १,५७० कोटी रुपयांची तरतूद मंजूर केली आणि दर वर्षी सुमारे १५,७०० नवे पदवीधर तयार होतील असं सांगितलं.

आता आपण साधं गणित करू. म्हणजे एका कॉलेजात वर्षाला १०० मुलं-मुली. चार वर्षांच्या ४००. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हा नर्सिंग शिक्षणातला निकष लावला तर एका कॉलेजला ४० शिक्षक लागतील. १५७ कॉलेजांना ६,२८०.

इमारत पैशाने उभी राहते. शिक्षक तयार व्हायला वेळ लागतो. बीएस्सीची चार वर्षं, अनुभवाचं किमान एक वर्ष आणि एमएस्सीची दोन वर्षं धरली तरी सात वर्षं झाली. आणि त्यात ओटीत हात बसायची वर्षं धरलेलीच नाहीत.

उद्या तुमच्या-आमच्या घरातलं कुणीतरी ओटीत असेल तेव्हा मॉप मोजणारी मुलगी याच कॉलेजांमधून आलेली असेल. तिला कुणी शिकवलं, हा प्रश्न तेव्हा विचारून उपयोग नसतो.

तुम्ही स्वतः ओटीत असाल आणि या वाटेचा विचार करत असाल तर?

- जीएनएम असाल तर पोस्ट बेसिकचा निर्णय लवकर घ्या. वय वाढतं तशा जबाबदाऱ्याही वाढतात.
- पदवीला ५५ टक्क्यांची अट लक्षात ठेवा. त्याहून कमी पडले तर एमएस्सीचं दार अडतं.
- अनुभवाची प्रमाणपत्रं, नोंदणी आणि तिचं नूतनीकरण अद्ययावत ठेवा. ऐनवेळी धावपळ होते ती याच कागदांसाठी.
- कॉलेज मान्यताप्राप्त आहे का, हे फी भरायच्या आधी तपासा.
- आजपासूनच शिकवायला लागा. नवीन आलेल्या मुलीला काम दाखवताना "असं कर" एवढ्यावर थांबू नका, "असं का" तेही सांगा. आपल्याला शिकवणं आवडतं का, हे तिथेच कळेल.
- ओटीतले प्रसंग वहीत लिहून ठेवा, पेशंटचं नाव न लिहिता. कुठे चुकलं, कशामुळे निभावलं. पुढे वर्गात या वहीसारखं पुस्तक मिळणार नाही.

शेवटी पुन्हा त्या मॉपकडे येऊ. ओटीत असताना एक सिस्टर एका वेळी एकाच पेशंटच्या पोटात राहू शकणारा मॉप शोधते. तीच वर्गात उभी राहिली आणि तिने दर वर्षी शंभर मुलींना मोजायला आणि "थांबा" म्हणायला शिकवलं, तर दहा वर्षांत तिच्या हजार विद्यार्थिनी कुठल्या ना कुठल्या ओटीत उभ्या असतील.

त्यांच्यापैकी एखादी आत्ता, तुम्ही हे वाचत असताना, कुठल्यातरी सर्जनना सांगत असेल, "सर, थांबा. एक कमी आहे."